क्रोएशियन भाषेची गादी राहिली, ती हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न. ऐकणारांचे कान शाबूत असोत, सांगणाराची जीभ न अडखळो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, आश्विन मासी जे वर्तले ते लिहितो, ते ऐसे जे: कोणे एके विद्यापीठाचे राज्य बहुत थोर, कुलगुरुमहाराज सिंहासनी, आणि त्यांचे पदरी भाषांचे सरदार नाना. फ्रेंचांचा दिमाख मोठा, जर्मनांचा परगणा तीन मजली, त्यांचे सरदार बापूसाहेब रणपिसे, ज्यांचे दारी प्रवेशाच्या दिवशी पोरांची रांग फाटकाबाहेर जाई. आणि त्याच इमारतीत जिन्याखाली एक खोली, तीत अकरा पुस्तके, एक नकाशा आणि क्रोएशियन भाषेची गादी. तो मुलूख समुद्रकाठचा, हजारावर बेटांचा, इथून बहुत दूर. आणि ती गादी तीस वर्षे सांभाळिली त्र्यंबकपंत निसळ यांनी. पंत तरुणपणी एकदा त्या मुलखी जाऊन आले होते, फाल्गुनात गेले आणि आषाढ लागण्याआधी परतले, आणि तेवढ्याच शिदोरीवर आजवर शिकवीत होते.

शिष्यिणी तीन. त्यांत द्वारका कुंजीर, डोंगराकडच्या फूलमळेवाल्याची लेक, तिसऱ्या वर्षास होती. ती आली होती खरी जर्मन शिकावयास, परंतु तिकडची यादी भरली आणि पोरगी जिन्याखाली उभी राहून रडू लागली, तों पंत खोलीबाहेर आले आणि म्हणाले, "रडतेस कशाला? आत ये. इथे जागाच जागा आहे." मग ती राहिली. प्रथम नाइलाजाने राहिली, आणि मग त्या भाषेतली वाऱ्यांची गाणी तिच्या जिभेवर बसली, कारण त्या मुलखी दर वाऱ्यास निराळे नाव, डोंगरावरून झेपावतो तो एक, समुद्रावरून दमट येतो तो दुसरा, आणि सुटीत फुले खुडताना ती गाणी ती मळ्यास ऐकवू लागली, तेव्हा आई वाफ्यातून ओरडून म्हणे, "द्वारके, कुठल्या देवाला साकडं घालतीस गं बाई? आपल्या देवाला कळंल असं म्हण की!" आणि द्वारका हसे, आणि आणखी मोठ्याने म्हणे.

ऐसे चालले असता श्रावणात हुजुरातून हुकूम आला की, त्या मुलखाचे दरबारातून याद्रांकाबाई नामे विदुषी पाहणीस येत आहेत, त्या गादी चालवण्याजोगी आहे ऐसे लिहून देतील तर राहील, न देतील तर वर्षअखेर मोडून खोली जर्मनांस भाषेच्या प्रयोगशाळेसाठी द्यावी. गादी मोडली तर परीक्षा घेणारे कोणी नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही, आणि द्वारकेची दोन वर्षे पाण्यात जाऊन तिने रिकाम्या हाती मळ्यावर परतावे, ऐसा प्रसंग. पंतांना जेवण गोड लागेना. रणपिसे तर जिन्यात गाठून म्हणाले, "काय पंत, तुमची ती भाषा बोलणारा माणूस या इमारतीत कुणी पाहिलाय का हो? का आहे आपली नकाशातच?" पंत म्हणाले, "आश्विनात दाखवतो." तेव्हा रणपिसे म्हणाले, "दाखवा, दाखवा. पण त्यानं तुम्हालाच काही विचारलं म्हणजे?" आणि फीत काढून दाराची रुंदी मापून गेले.

मग पंतांनी मसलत केली. त्यांची शिकवण्याची रीत ऐसी की, चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरे लिहून द्यावी आणि ती घोटून घ्यावी. समुद्रावर नऊ, जुन्या लिपीवर सहा, कवींवर बारा, बाकी किरकोळ. दोन महिने खोलीतून मंत्रघोष चालावा तैसा आवाज येई. द्वारकेने एकदा विचारले, "सर, त्यांनी एकेचाळिसावा विचारला तर?" पंत म्हणाले, "विचारत नसतात गं. चाळिसांत सगळं येतं." आणि स्वागताचे ठरले ते ऐसे, की द्वारकेच्या मळ्यातील पांढऱ्या शेवंतीचा भरघोस हार घालावा आणि ज्योती लावून ओवाळावे. वडिलांनी पहाटेचे दव अंगावर घेऊन जातीने फुले खुडली, चांदण्यांचा सडा टोपलीत भरावा तैसी भरली, आणि म्हणाले, "परमुलखाची बाई हाय. हात आखडता घ्यायचा न्हाई. गुडघ्यापत्तुर हार कर."

वद्य चतुर्थी, बुधवार, इंग्रजी नोव्हेंबरची पहिली तारीख, ते दिवशी दिवस चार घटका वर आला असता बाईंची स्वारी दाखल जाहली. कुलगुरुमहाराज खासे बसले, रणपिसे पहिल्या रांगेत बसले, पंतांना संकष्टीचा उपास, तोही निर्जळी. मग बाकीच्या दोघी शिष्यिणींनी तबकात अकरा ज्योती लावून ओवाळिले, आणि द्वारकेने पुढे होऊन तो गुडघ्यापर्यंतचा पांढराशुभ्र हार बाईंच्या गळ्यात घातला, आणि टाळ्या जाहल्या. परंतु बाईंचा चेहरा हाराहून पांढरा पडला. त्यांनी फुलांकडे पाहिले, ज्योतींकडे पाहिले, हाताने एक पाकळी चाचपली, आणि खुर्चीवर बसून आपल्या भाषेत हळूच विचारिले, "कोण वारले?"

हा प्रश्न चाळिसांत नव्हता. पंतांना प्रश्न आला एवढेच कळले, आणि त्यांनी उभे राहून सातवे उत्तर सुरू केले, की आमचा समुद्र निळा, हिरवा आणि रुपेरी आहे. रणपिसे शेजारच्यास म्हणाले, "वा! गाडी सुटली." बाईंनी पुन्हा विचारिले, "नाही, पण वारले कोण?" आणि पंत समुद्रावरून बेटांवर गेले. मग द्वारका एक पाऊल पुढे आली, कारण गादी डोळ्यांदेखत जात होती, आणि प्रश्नाचा अर्थ तिला लख्ख कळला होता, आणि उत्तर पाठ नव्हते. मग ती एकेक शब्द जोडीत, धागा तुटेल तिथे गाठ मारीत, त्याच भाषेत बोलिली, "कोणी नाही मेले. फूल माझे बाबाचे आहे. आमच्याकडे हे जिवंतास देतात. नवरी, देव, पाहुणा. आम्ही वाईट केले का?" त्यात चुका किती होत्या ते पंतांनी मोजले असते, परंतु ते मधल्या बेटावर अडकले होते.

बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि सावकाश सांगितले की, आमच्या मुलखी शेवंती थडग्यावर वाहतात, जिवंतास देत नाहीत, आणि आज आमचा पितरांचा दिवस, आज सारा गाव फुले आणि दिवे घेऊन दफनभूमीत जातो. "तुम्ही हार घातला, दिवे ओवाळले, मला वाटले माझेच थडगे बांधले." मग द्वारकेने जीभ चावली, आणि तशीच थांबली असती, परंतु तिच्या तोंडून निघून गेले, "तुमचे तिकडे कोण आहे?" बाई म्हणाल्या, "आई. पहिलेच वर्ष. तिच्यापाशी दिवा लावायला आज मी नाही." यावर काय बोलावे ते अकरा पुस्तकांत कुठे लिहिले नव्हते. द्वारका म्हणाली, "इथे जवळच गोऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. तिथे कोणी जात नाही. आपण जाऊ?"

मग त्या दोघी हार आणि ज्योतींचे तबक घेऊन रिक्षात बसून गेल्या, आणि सभा तशीच बसून राहिली, आणि कुलगुरुमहाराजांनी विचारिले, "हे कार्यक्रमात आहे काय?" पंत म्हणाले, "होय जी," आणि पाणी मागितले. संकष्टी मोडली. तिकडे गवतात बुडालेल्या एका थडग्यावर, ज्याचे नाव पावसाने पुसले होते, बाईंनी हार उलगडून ठेविला आणि द्वारकेने ज्योती लाविल्या, आणि वारा सुटला तेव्हा दोघींनी पदराआड, रुमालाआड त्या जपिल्या. मग बाई आईचे सांगू लागल्या, की ती भाकरी कैसी भाजीत असे, रागावली म्हणजे कैसी गप्प बसे. आणि द्वारका मळ्याचे सांगू लागली, की शेवंतीला माती कोणती लागते, कळी कधी धरते. आणि अडली म्हणजे बाईंनी शब्द द्यावा, तिने तो घेऊन पुढे जावे, ऐसे सूर्य कलेपर्यंत चालले.

मार्गशीर्षात अहवाल आला. पंतांनी खोलीचे दार लावून घेतले आणि द्वारकेस म्हणाले, "तू वाच. माझ्याने होणार नाही." तिने वाचले, ते ऐसे: "पुस्तके जुनी आहेत. नकाशा त्याहून जुना आहे. प्राध्यापक अस्खलित बोलतात, विचारलेले ऐकत नाहीत. विद्यार्थिनी दर वाक्यास चुकते. तिच्याशी मी पाच तास बोलले. गादी ठेवावी." पंतांनी कागद हातात घेऊन तो आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "पाच तास? तीस वर्षांत या भाषेत मी कुणाशी पाच मिनिटं नाही गं बोललो. कोण होतं बोलायला?" द्वारका उभीच होती. तेव्हा पंतांनी दुसरी खुर्ची हाताने पुसली, पुढे ओढली, आणि शब्द चाचपडत, त्याच भाषेत, कुठल्याही वहीत नसलेला प्रश्न विचारिला, "बस. आज तू काय जेवलीस?"

येणेप्रमाणे ते वर्षी गादी राहिली. जर्मनांनी प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर बांधली. द्वारका कुंजीर दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण जाहली, आणि जिन्याखालच्या खोलीतून आता पाठांतराचा आवाज येत नाही, अडखळण्याचा येतो. घडले तैसे लिहिले, कमीजास्त ऐकणारांनी सांभाळून घ्यावे.