बंद जीपची पाणीपुरवठा योजना

आमच्या नगरपालिकेला शास्त्रीय पद्धतीने वठणीवर आणता येते, असे माझे ठाम मत होते. आणि ते मी अर्थसंकल्पाच्या सभेत, नागरिकांच्या बाकावरून उठून, मांडलेसुद्धा! आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला दाब म्हणजे काय, हे कोणी सांगावे लागत नाही. आमच्या नळाला तो नव्हता. अंगणात धार अशी, की सुईत ओवावी! वरच्या मजल्यावर तर तीही चढत नसे. मग माझी थोरली बहीण बादल्या घेऊन जिना चढे.

"यंदा पाणी वर आलं नाही, तर बादल्या तू उचलायच्या," ताईने बजावले होते. "माझे गुडघे संपले!"

"नवी जलवाहिनी मंजूर करा," मी सभेला म्हणालो. "उद्याच अभियंत्यांना पाठवा. माझा नळ हाच पुरावा!"

"नळ कोरडा निघाला तर लाइन पक्की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण सर, नाही निघाला, तर पुन्हा अर्ज करायचा नाही."

सकाळी नगरपालिकेची निळी जीप फाटकाशी थांबली. अभियंता वर आला. मी विजयी मुद्रेने नळ सोडला. आणि काय सांगू! पाण्याने बादली आडवी केली, अभियंत्याचा चष्मा उडवला आणि समोरचे कॅलेंडर चालू महिन्यासकट धुऊन काढले!

"तक्रार नेमकी काय आहे?" ओल्या अभियंत्याने विचारले. "जास्त येतं?"

तो निघाला. जीप गल्लीबाहेर जाताच धार पुन्हा सुईएवढी! मी धावत जाऊन त्याला परत आणले. जीप फाटकाशी आली, की धबधबा!

"नळ आहे की कारकून?" ताई म्हणाली. "साहेब दिसला की कामाला लागतो!"

दोन निरीक्षणांवरून अनुमान काढू नये, असे मी तिला सुनावले. अभियंता वैतागून पुन्हा निघाला, तोच जीपने मान टाकली. ढकलली तरी हलेना. तो पाय आपटत चालत गेला. साहेब नाही, जीप मात्र आहे: नियंत्रित प्रयोग आपणहून मांडला गेला होता! मी जिना चढलो. नळ धो धो वाहत होता.

गल्लीच्या तोंडाशी पाणी सोडणारा चावीवाला बसला होता. त्याला गाठले.

"चावी रोज अर्धीच का फिरवतोस?"

"सर, पूर्ण उघडली, तर बंद करतानाही पूर्ण फिरवावी लागते ना!"

"आणि आज?"

"तुमच्या दारात साहेबांची जीप! आत कोण बसलंय ते वाकून बघायला मी काय वेडा आहे?"

पुढच्या सभेत मी निष्कर्ष मांडला: जलवाहिनी नको, जीप पुरे. चावीवाल्याची बदली करा, असे एक नगरसेवक ओरडले.

"नव्यालाही चावी बंद करावीच लागेल," मी म्हणालो.

अध्यक्षबाईंनी जलवाहिनीची तरतूद दवाखान्याच्या गळक्या छपराकडे वळवली, आणि नादुरुस्त जीप 'पाणीपुरवठ्याचे साधन' म्हणून माझ्या दारात कायम झाली. टाळ्यांचा कडकडाट! गल्लीने मला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. ताईच्या गुडघ्यांना सुट्टी मिळाली.

एक किरकोळ बाब राहिली. आठवड्याभरात धार पुन्हा बारीक झाली. मी चावीवाल्याला जाब विचारला.

"जीपवर धूळ बघून वाटलं," तो ओशाळून म्हणाला, "साहेब निवृत्त झाले."

तेव्हापासून रोज पहाटे मी ती जीप धुतो. ताई खिडकीतून राहिलेले डाग दाखवते. बादल्या, तिने बजावल्याप्रमाणे, मीच उचलतो. पण त्या आता जीपसाठी वरून खाली उतरवायच्या असतात. निदान गुरुत्वाकर्षण तरी माझ्या बाजूने आहे!