एकशे ऐंशी वॅट कमी

रंगनाथराव सेलूकर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावत. पूर्ण पंजा टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात मिनिटभर तिथंच ठेवायचा. घरातली माणसं "या, बसा" म्हणत उभीच. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "हरारत चालली तुमची. पश्चिमेकडून." एवढं झालं की चपला काढायचे.

हरारत म्हणजे उष्णता. नाना (आमच्या उस्मानपुऱ्यात त्यांना सगळे नानाच म्हणत) निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले होते. पोलीस ॲक्शननंतर बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून चिकटले आणि तीस-बत्तीस वर्षं सरकारी क्वार्टर्स बांधून रिटायर झाले. खात्याची भाषा बदलली, नानांचा गुणाकार काही बदलला नाही. "छे अठ्ठे अडतालीस, हासिल चार..." असं ओठातल्या ओठात पुटपुटायचे आणि उत्तर तेवढं मराठीत सांगायचे. 'अंदाजे' हा शब्द ऐकला की त्यांचं डोकं फिरायचं. "अंदाज ज्योतिषानं करावा, मास्तर. ओव्हरसिअरनं तखमिना करावा!" तखमिना म्हणजेसुद्धा शेवटी अंदाजच की, असं मी एकदा म्हणून गेलो. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

तर नानांचा नाद एकच. घरातून उष्णता किती बाहेर जाते ते काढायचं, आणि त्यावरून त्या घराला केवढा हीटर लागेल ते सांगायचं. आता औरंगाबादची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतले पाच-सहा आठवडे. स्वेटर बाहेर काढून त्याचा डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत ती संपते. हीटर मागितलाय कुणी इथं? पण नानांकडे खात्यातलं एक जाडजूड विलायती पुस्तक होतं आणि त्यात सगळी रीत दिलेली होती. भिंत किती चौरस फूट, विटेची की दगडाची, छत कशाचं, खिडक्या किती, फटी किती. आतलं तापमान वजा बाहेरचं तापमान. गुणा, बेरीज करा, झालं. त्या पुस्तकात बर्फाचीही कोष्टकं होती. त्यांच्यावर नानांनी तांबड्या पेन्सिलीनं काट मारून शेजारी 'गैरलागू' असं लिहून ठेवलं होतं.

फटी शोधायला ते खिशात उदबत्तीचा पुडा ठेवायचे. बंद खिडकीच्या चौकटीजवळून पेटलेली उदबत्ती हळूहळू फिरवायची. धूर जिथं वाकडा होईल तिथं फट. आमच्या घरी हा प्रकार चालला होता तेव्हा माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी खिडकीला हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, ही कोणती पूजा?"

माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी नानांना बरोबर नेलं. आ बैल मला मार, दुसरं काय! मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तर नाना टेप लावून बैठकीची भिंत मोजत होते. "भिंत नऊ इंची का चौदा?" त्यांनी मुलीच्या बापाला विचारलं. बाप बिचारा घाबरला. पाहुण्यांना घरच लिहून पाहिजे की काय, असं वाटलं असणार त्याला. "साहेब, घर माझ्या भावाच्याही नावावर आहे," म्हणाला. नाना म्हणाले, "भाऊ असू द्या. छत गळतंय हरारतीनं." ते लग्न जमलं हे आमच्या भावजयीचं मोठं मन.

आम्ही हसायचो. पण हा नाद आला कुठून, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नानांची थोरली बहीण अक्का कन्नडला असायच्या. आई गेली तेव्हा नाना तीन वर्षांचे. अक्कांचं लग्न झालं तेव्हा त्या धाकट्या भावाला कडेवर घेऊनच सासरी गेल्या. "आंदणात भाऊ आणला," म्हणून सासरचे हसायचे म्हणे. पण त्यांनी त्याला वाढवला, शाळेसाठी शहरात पाठवला, मोटारीबरोबर भाकरीची गाठोडी पाठवली. पुढं नानांनी लग्न केलं नाही. अक्का विधवा झाल्या, दिरांच्या घरात चुलीपाशी बसून राहिल्या. आणि त्या चुलीच्या धुरानं त्यांना दमा जडला.

एका हिवाळ्यात त्यांचा श्वास असा अडकला की जीपमध्ये घालून शहरात आणावं लागलं. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पुढची थंडी त्या धुरात काढली तर भरवसा नाही. नानांनी त्यांना सरळ आपल्या घरी नेलं. आठव्या दिवशी अक्का पिशवी भरून दारात उभ्या. "रंगा, तुझं घर लई गार हाय रं. सिमेटाचं. आमच्या माळवदात कसं उबदार वाटतं." आणि गेल्या की परत, त्याच धुरात.

माझी बायको शालिनी म्हणाली, "नाना, अजून एक गोधडी द्यायची की."

"सूनबाई," नाना म्हणाले, "गोधडीनं अंग गरम होतं. छातीत जाणारी हवा गरम होत नाही."

ते खरं होतं. पुढच्या हिवाळ्याआधी घर कन्नडच्या मातीच्या माळवदाइतकं उबदार करायचं, नाहीतर अक्का राहणार नाहीत, आणि राहिल्या नाहीत तर वाचणार नाहीत. एवढा सरळ हिशेब होता तो. मला आत्ता त्याचं हसू येत नाही, तेव्हा यायचं.

माळवदाइतकं म्हणजे किती? पुस्तकात जगभरच्या गावांची हवा होती, अक्कांचं स्वैपाकघर नव्हतं. म्हणून नाना थर्मामीटर घेऊन कन्नडला गेले आणि लोणच्याच्या बरणीशेजारी टांगून चार दिवस बसले. दिरांच्या सुनांना वाटलं, वाटण्या मागायला आले. आकडा निघाला एकवीस अंश. मग इथं आल्यावर आठवडाभर त्यांनी आपल्याच खोलीचा तखमिना केला. भिंती, स्लॅब, दोन खिडक्या, एक दार, उदबत्तीनं सापडलेल्या अकरा फटी. उत्तर आलं अकराशे ऐंशी वॅट.

पैठण गेटला खालिदभाईंचं विजेच्या सामानाचं दुकान. मी बरोबर होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

"अकराशे ऐंशीचा हीटर द्या."

"नाना, हजार का हय, दो हजार का हय. बीच का नै आता."

"मला अकराशे ऐंशी पाहिजे."

"तो दो हजार का लेलो ना. फिकर नक्को करो, थंडी भाग जाती."

"आणि वरचे आठशे वीस कुठं ठेवू?"

खालिदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्यांकडे पाहिलं. दोन हजारांचा घेऊन अर्धा वेळ बंद ठेवा, असं मी सुचवून बघितलं. नाना म्हणाले, "अक्काला अर्धाच वेळ थंडी वाजते का?" शेवटी दोन्ही घेतले.

मार्गशीर्षात अक्का आल्या. येतानाच सांगून आल्या, "आठ दिस बघीन. न्हाई जमलं तर मंगळवारची गाडी." पहिल्या दिवशी दोन हजारांचा लावला. पाच मिनिटांत नानांचा फ्यूज गेला, आणि जुनं वायरिंग एकत्र असल्यामुळं शेजारी आमचाही. बदलून पुन्हा लावला तर अक्कांचा घसा कोरडा पडून खोकल्याची उबळ आली. मग हजाराचा लावला. थर्मामीटर एकवीसच्या अलीकडं येऊन थांबला, हलेचना. अक्का शाल ओढून बसल्या. एकशे ऐंशी वॅटपायी घोडं अडलं.

तिसऱ्या दिवशी नानांनी शंभराचे दोन बल्ब लावले. बल्बची वीज शेवटी उष्णताच होते म्हणे. वीस वॅट जास्त होत होते, ते त्यांनी अक्कांच्या वयाकडे बघून माफ केले. ऊब बेताची झाली, पण उजेड एवढा की अक्का डोळ्यांवर पदर घेऊन म्हणाल्या, "रंगा, लग्नाचा मांडव हाय का रं हा? निजू का वऱ्हाड जेवू घालू?" बल्ब निघाले. मी सोमवारी भेटलो तेव्हा नानांची दाढी वाढली होती, आणि अक्कांची पिशवी कोपऱ्यात भरून तयार होती.

त्याच संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. भिंतीला हात न लावता सरळ आत आले, तेव्हाच शालिनी माझ्याकडे बघायला लागली. हातात ते विलायती पुस्तक होतं.

"मास्तर, हे कोष्टक मी कधी बघितलंच नव्हतं. नाटकगृहं आणि सभागृहं, असं वर लिहिलंय, म्हणून पान उलटायचो. यात दिलंय, स्वस्थ बसलेलं माणूस शंभर वॅट देतं."

"बरं मग?"

"तुम्ही जरा काटकुळे. तुम्हाला ऐंशी धरलं. सूनबाई पूर्ण शंभर. रोज साडेसहा ते साडेआठ आमच्याकडं येऊन बसायचं. एकदा एकवीस गाठलं की दार लावून हजारावर रात्र निघते. काम काही नाही. नुसतं बसायचं."

शालिनीला 'पूर्ण शंभर' आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही आणि अक्का दोघं आहातच की तिथं."

"आम्ही बसलेलो असतानाच कमी पडतंय, सूनबाई. आम्ही त्यात आलोच." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या मंगळवार आहे."

आम्ही गेलो. न जाऊन करतो काय! नानांनी आम्हाला हीटरसमोर पश्चिमेच्या भिंतीजवळ बसवलं, त्या बाजूनं हरारत जात होती म्हणून. मी उठून पाणी प्यायला निघालो तर म्हणाले, "मास्तर, ऐंशी वॅट कुठं निघाले?" अक्कांनी शालिनीला माहेर विचारलं. शालिनीनं सांगितलं. अक्कांची एक नणंद त्याच गावात दिलेली निघाली. मग काय, बांध फुटला! नणंदेच्या सासूनं दळणातून पीठ कसं चोरलं इथपासून ते रंगा लहानपणी थंडीत त्यांच्या पाठीला कसा चिकटून निजायचा आणि काढू गेलं तर कसा रडायचा, इथपर्यंत. नाना थर्मामीटरकडे तोंड करून बसले होते. कान लाल झाले होते त्यांचे.

"एकवीस," आठ वाजता ते म्हणाले. सरकारी रस्त्याचं उद्‌घाटन जाहीर करावं तसं.

मंगळवारची गाडी गेली. पुढच्या मंगळवारचीही गेली. अक्का राहिल्या. पौष आला, कडाक्याचा आला, पण त्यांचा श्वास एकदाही अडकला नाही. आम्ही रोज साडेसहाला जायचो. एकदा मला यायला जमणार नव्हतं, तर नानांनी समोरच्या देशमुखांना बोलावून घेतलं आणि ते अंगानं भरलेले म्हणून हीटर अर्धा तास आधी बंद केला. शालिनी अक्कांकडून शेंगदाण्याची चटणी शिकली, मी उर्दू पाढे शिकलो. चाराच्या पुढच्या पाढ्याला मी चुकलो की नाना जोरात हसायचे. नाना हसतात, हे आम्हाला त्या हिवाळ्यात कळलं.

पाडवा झाला आणि अक्का कन्नडला निघाल्या. आता चूल अंगणात येणार होती, धुराची भीती नव्हती, आणि उन्हाळ्यात माळवदासारखं गार घर नाही. "थंडीला येते रं. पण ही दोघं बसायला पायजेत बरं का," असं नानांना बजावून त्या गाडीत बसल्या. नाना स्टँडवरून परत आले ते आमच्या दारात थांबले. पायरीवरूनच म्हणाले, "मोसम संपला. तुमचे उपकार झाले. आता तखमिन्याप्रमाणं गरज नाही." आणि गेले.

त्या दिवशी साडेसहा वाजले. मी वर्तमानपत्र वाचत होतो, निदान समोर धरून बसलो होतो. शालिनीनं चटणीची बरणी उचलली आणि म्हणाली, "चला."

"अगं, तो माणूस गरज नाही म्हणालाय."

"ऐकलंय मी. चला."

नानांनी दार उघडलं. बाजूला सरले. आमच्या दोन खुर्च्या जागेवरच होत्या, अक्कांची मात्र भिंतीला लावून ठेवली होती. बाहेर दिवस बुडाला तरी भिंती भट्टीसारख्या तापलेल्या. आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्याही. वैशाख लागला तसे नाना नव्या तखमिन्याला बसले. हीटर नाही, आता कूलर. उन्हाळ्यात उष्णता उलटी आत येते, तेवढाच फरक, बाकी रीत तीच.

एका संध्याकाळी तो कागद माझ्या हाताला लागला. स्लॅब, पश्चिमेची भिंत, दोन खिडक्या, फटी, साठाचा बल्ब, एवढंच काय, देवापुढच्या समईचीही उष्णता धरली होती. मी खालपर्यंत वाचलं. एवढ्या महिन्यांत मलाही थोडं कळायला लागलं होतं.

"नाना, एक चूक आहे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची चूक सापडली होती, आनंद लपत नव्हता. "आम्हा दोघांना धरलंच नाही. एकशे ऐंशी वॅट."

नानांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग पेनाला टोपण लावलं.

"धरले असते तर पहिला उपाय तोच निघाला असता, मास्तर. तुम्हाला घरी पाठवा म्हणून." त्यांनी कागदाची घडी घातली. "मला नाही पाठवायचं तुम्हाला."

शालिनीनं पदरानं कपाळ पुसलं. मग उठून त्यांच्याच माठातलं तीन पेले पाणी आणलं, आणि आम्ही घाम पुसत साडेआठपर्यंत बसलो.