बेसोच्या टेबलावर सात ग्लास

"वाइन टुरिझम? हातचा मळ!" प्रबोधने बायकोला, रश्मीला ठणकावून सांगितलं. गड्याने जन्मात वाइन चाखली नव्हती, पण स्लाइड्स बासष्ट केल्या होत्या!

जॉर्जियातले द्राक्षबागाईतदार आपल्या गावात पर्यटक आणायची प्रबोधच्या कंपनीची योजना ऐकायला सिंगापूरला आले होते. शुक्रवारी त्यांची सही मिळाली नाही, तर बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून प्रबोधची गच्छंती. मग सिंगापुरात राहू देणारा एम्प्लॉयमेंट पास, बिशानचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळंच गेलं! चार रात्री बिचाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

शुक्रवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या उतरायच्या जागी पोचला. त्यांचा म्होरक्या बेसो, दाराएवढा माणूस. म्हणाला, "आधी जेवण. काम नंतर!" आणि घरच्या वाइनने प्रबोधचा ग्लास काठोकाठ भरला.

आता प्रबोध वाढला 'पानात काही टाकायचं नाही' या धाकात. त्याने डोळे मिटून ग्लास रिकामा केला. बेसोकडची रीत निराळी. पाहुण्याचा ग्लास रिकामा दिसला, की यजमानाची अब्रू गेली! त्याने लगेच भरला. प्रबोधने संपवला. त्याने पुन्हा भरला!

चौथ्या ग्लासाला प्रबोधने बाथरूममधून फोन लावला. "रश्मी, संपतच नाही गं!"

"अरे, मग थोडी राहू दे ना ग्लासात!"

"दुसऱ्याच्या घरी टाकून उठू?"

"शी! ते नाही हं बरं दिसत. संपव आणि ऊठ."

सातव्या ग्लासानंतर बेसोने फर्मावलं, "आता पाहुण्याने मनातलं बोलायचं!"

प्रबोध टेबल धरून उभा राहिला. एक स्लाइड आठवेल तर शपथ! त्याला एकदम भडभडून आलं.

"बेसोदादा, टुरिस्ट आणू नका हो! चाळीस माणसांची बस येणार. प्लास्टिकच्या पेल्यात दोन घोट, सेल्फीला दहा मिनिटं, की चला पुढच्या गावाला! असं मायेने बसवून मग कोण पाजणार? हे सगळं मोडायची योजना मीच केलीय!"

आणि तो ढसाढसा रडला. बेसोही रडला. दोघं गळ्यात गळे घालून रडले.

सोमवारी ऑफिसात बॉसने, श्रीनिवाससाहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बेसोचं पत्र होतं. टुरिझम कायमचा रद्द! पासचं काय होणार, हे विचारायची गरजच उरली नव्हती.

"प्रबोध," साहेब थंडपणे म्हणाले, "तीन वर्षांत तू इतकी प्रेझेंटेशनं दिलीस. क्लायंटला शब्द न् शब्द पटलेलं हे पहिलंच!"

प्रबोधने मान खाली घातली आणि सवयीने म्हणाला, "थँक यू, सर."