तुळजा लेण्यांच्या वाटेवरच्या नऊ चिठ्ठ्या

"तात्या, सकाळी वेशीतून निघून दुपारी पुन्हा त्याच वेशीत यायचं, तर तेवढ्यासाठी मुली का नकोत तुम्हाला?"

प्रश्न जैबुन्निसाने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची, ठमा आणि बयाची, होती. त्या दोघी वकिलाच्या ओट्याआड तोंडात पदराचा बोळा कोंबून उभ्या होत्या. मराठी सहावीत गेल्यापासून जैबू कोणालाही काहीही विचारू लागली होती, आणि आजवर आभाळ कोसळले नव्हते.

सावळेराम तात्या डुंबऱ्यांनी लेखणी कानावर ठेवली. वकिलाचे कागद नकलून काढणे हा त्यांचा पोटाचा धंदा. खरा धंदा त्यांनीच सांगितला.

"मुली, तू कोणासमोर उभी आहेस ते तुला ठाऊक नाही. नारायणगावापासून नाणेघाटापर्यंत अशी नजर दुसरी नाही. मातीतला ठसा पाहून मी माणसाचं वय, धंदा आणि सकाळची न्याहारी सांगतो. माझ्या धाकानं या तालुक्यात गुन्हेच होत नाहीत. म्हणून तर मला अजून एकही उघडकीला आणता आलेला नाही."

तात्या 'जुन्नर पादचारी मंडळी'चे चिटणीसही होते. अकरा सभासद, अकरा छत्र्या आणि पोह्यांची एक पाटी असा या मंडळींचा सरंजाम दर सुट्टीला निघे. पाव कोस चालायचे, झाड दिसले की बसायचे, चालण्याच्या फायद्यांवर अध्यक्ष चिमाजीपंतांचे भाषण ऐकायचे, पोहे संपवायचे, आणि घरी येऊन तीन दिवस बायकांकडून पाय चेपून घ्यायचे. एवढ्या खडतर कामाला मुली झेपणार नाहीत, असा ठराव झाला होता.

वाट चुकू नये म्हणून तात्या पहाटे पुढे जात आणि फाट्याफाट्यावर दगडाखाली बाणाची चिठ्ठी ठेवत. पूर्वी ते दगडावरच विलायती तांबड्या रंगाने बाण काढीत. स्वदेशीचे वारे आले तेव्हा मंडळींनी तो डबा कुकडीत बुडवला, टाळ्या वाजवल्या आणि चिठ्ठ्यांसाठी अस्सल जुन्नरी कागद धरला. तो जैबूच्या वडिलांच्या, गफूर कागद्यांच्या हातचा.

पाडव्याला तुळजा लेण्यांना जाताना घोटाळा झाला. नऊ फाटे, नऊ दगड, चिठ्ठी एकही नाही. तात्या लेण्यांत दिवस मावळेपर्यंत वाट पाहत बसले. इकडे मंडळी भर दुपारी घामाघूम होऊन एका वेशीला लागली आणि चिमाजीपंतांनी पाण्याला निघालेल्या बाईला विचारले, "बाई, हे गाव कोणतं?"

ती त्यांची सून होती.

या गोष्टीवर जुन्नर अजून हसत होते. म्हणून तात्यांना चोर हवाच होता.

"तपास चालू आहे," ते जैबूला म्हणाले. "तू चोर दाखव, आणि रामनवमीला खुशाल ये आमच्याबरोबर मानमोडीच्या लेण्यांना."

ओट्यावर वकिलाची वाट पाहणारी चारपाच कुळे हसली. तेवढ्यात ठमा आडोशातून बाहेर आली आणि म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय बरं का, तात्या."

तात्यांचा तपास एका वहीत होता, ती त्यांनी जैबूला वाचून दाखवली. पहिला संशय घोडेगावकरांवर, कारण त्यांनीही चालण्याचे मंडळ काढले होते आणि त्यातला एकजण पाडव्याच्या आदल्या दिवशी जुन्नरात जिलबी खाताना दिसला होता. तो मुलीची सोयरीक जमवायला आला होता असे निघाल्यावर तात्यांचा संशय उलट वाढला. एवढे सोपे कारण खरे असणे त्यांना पटेना. दुसरा संशय लेण्यांच्या वाटेवरच्या माळातल्या जानकू धनगरावर. तो वेष पालटलेला सरकारी हेर, आणि पुरावा त्याची घोंगडी. इतकी मळकी घोंगडी खऱ्या माणसाची असूच शकत नाही. तिसरा तर्क वाचताना तात्यांनी आवाज खाली आणला. गफूर कागद्याने उन्हात विरून जाणारा कागद काढला असावा.

आपल्या अब्बांना असला कागद करता आला असता, तर त्यांनी पहिल्यांदा तात्यांची वही त्याची केली असती, असे जैबूला वाटले. पण मानमोडी तिला हवी होती. डोंगर रोज दारातून दिसायचा आणि चौदा वर्षांत ती त्याच्या पायथ्यालाही गेली नव्हती.

घरी आली तर अम्मा, जन्नतबी, भिंतीपाशी काठी घेऊन बसलेली. भिंतीवर तांदळाची खळ लावलेले ताव वाळत होते. खळीशिवाय कागदावर शाई फुटते. आणि खळ लावली की आळीतल्या शेळ्या जमतात. लहानपणापासून जैबूच्या वाट्याला हेच काम होते. आता अम्माने काठी तिच्या हातात दिली, आणि जैबू काठी तशीच धरून उभी राहिली. मग इतकी हसली की एका शेळीने तेवढ्यात तावाचा कोपरा ओढून नेला.

रविवारी सकाळी तात्यांनी सापळा लावला. त्याच माळावर दगडाखाली एक ताजी चिठ्ठी ठेवून ते करवंदीच्या जाळीआड पालथे पडले. चिमाजीपंत छत्री उघडून लपले. तिघी मैत्रिणी बांधावर उघड्यावर बसल्या.

तात्यांची नजर जानकूवर खिळली होती. जानकू बाभळीखाली झोपला होता. तो कूस बदले आणि तात्या वहीत टिपून घेत: डावीकडे वळला, कोणाला तरी खूण केली. त्यांच्या पाठीमागे एका काळ्या शेळीने खुराने दगड सरकवला, चिठ्ठी चघळली, बाणासकट गिळली, आणि पुढे येऊन तात्यांच्या हाताखालची वही ओढली. तात्या ओरडत उठेपर्यंत घोडेगावकर, सरकारी हेर आणि विरणारा कागद, तिन्ही तर्क तिच्या पोटात गेले होते.

"हा तुमचा चोर, तात्या," जैबू म्हणाली. "तांदळाची खळ असते त्या कागदाला. अख्ख्या जुन्नरातल्या शेळ्यांना ठाऊक आहे."

आरडाओरड्याने जानकू जागा झाला होता. "शेळ्यांनीच खाल्लं व्हतं की पाडव्याला. म्या बघितलं ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाई, राव. तुमी नुसतं माझ्या घोंगडीकडं बगत व्हता."

तात्यांनी धोतर झटकले आणि चिमाजीपंतांना सांगितले की गुन्हेगार अखेर आपल्याच सापळ्यात सापडला. पंतांनी मान डोलावली. दिलेला शब्द मात्र मोडता येईना, म्हणून तिथेच ठराव झाला: मुलींनी रामनवमीला यावे, मंडळींच्या मागून चालावे आणि पोह्यांची पाटी डोक्यावर घ्यावी.

जैबूने अकरा छत्र्या, पाव कोस आणि चालण्याच्या फायद्यांवरचे भाषण मनात जोडून पाहिले. मग ठमा आणि बयाला घेऊन ती वेशीकडे चालू लागली.

संध्याकाळी अब्बा ताव उतरवत होते आणि अम्मा त्यांच्या घड्या घालत होती. जैबू दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"रामनवमीला ठमा, बया आणि मी मानमोडीला चालत जाणार," ती म्हणाली. "मंडळींच्या मागून नाही, पुढून. पोहे त्यांचे त्यांनी आणावेत. दगडांवर चुन्याचे बाण मी काढत जाईन, आणि येताना वेशीवर गावाचं नावही लिहीन. चिमाजीपंतांना सुनेला विचारायला नको."