होडीच्या नाकासाठी दोन साखळ्या

दत्तप्रसादांनी आपल्या होडीला नाक बसवलं, आणि त्या दिवसापासून बद्रीनाथरावांच्या पोटात दुखायला लागलं.

नाक म्हणजे होडीच्या टोकातून चार फूट पुढे आलेला गोल दांडा. त्याच्या टोकाला एक जादा शीड बांधतात. दत्तप्रसाद त्याला ‘बोस्प्रिट’ म्हणत, आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीनदा म्हणत. कात्रजच्या एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन शिडाच्या होड्या असणं हा काही योगायोग नव्हता. निवृत्तीनंतर आधी बद्रीनाथरावांनी प्लायवूडची होडी करायला घेतली, ती बघून दत्तप्रसादांनी घेतली, आणि दत्तप्रसादांची आधी झाली. आता ते दर रविवारी ती खडकवासल्याला नेतात. बद्रीनाथराव दर रविवारी पॉलिशपेपर घासतात. दोन वर्षं झाली, होडी होतेच आहे.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण सोमवारी त्यांची बायको मुक्ताई भाजी घेऊन वर आल्या आणि पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाल्या, “दत्तप्रसादांनी रविवारी होडीतून चक्कर मारायला बोलावलंय. मी हो म्हटलं.”

बद्रीनाथरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर तसंच धरून ठेवलं आणि एकाच ओळीवर पंधरा मिनिटं जळत बसले. नवऱ्याची होडी खाली उभी असताना बायकोने शेजाऱ्याच्या होडीत बसायचं, तेही नाक असलेल्या! ते काही नाही. रविवारच्या आत आपली होडी पाण्यात गेली पाहिजे, मुक्ताई आधी तिच्यात बसली पाहिजे, आणि आपलं नाक दत्तप्रसादांपेक्षा फूटभर लांब पाहिजे.

दांडा बुधवारपर्यंत बसला. पण शिडात वारा भरला की ते दांड्याला वर ओढतं, म्हणून दांड्याच्या टोकापासून खाली होडीच्या पोटापर्यंत काहीतरी ताणून बांधावं लागतं. ते काय असावं? तार की साखळी? किती जाड? अडकवायची कशात? दत्तप्रसादांना विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने तासभर सांगितलं असतं, आणि नेमका तोच आनंद बद्रीनाथरावांना त्यांना द्यायचा नव्हता. मत्सर करायला खरं म्हणजे काही साधन लागत नाही. पण बद्रीनाथरावांनी आयुष्यभर कारखान्यात मापं घेतलेली. ते दुपारी दोन वाजता, सोसायटी झोपलेली असताना, व्हर्नियर घेऊन दत्तप्रसादांच्या होडीखाली शिरले. चार मिलिमीटरची स्टीलची तार, दोन्ही टोकांना इंग्रजी यूच्या आकाराच्या शॅकल, आणि मध्ये फिरवला की तार ताणणारा एक टर्नबकल. बद्रीनाथरावांनी सगळं लिहून घेतलं आणि प्रत्येक आकड्याला दोनने गुणलं. गुणायचं काही कारण नव्हतं, पण गुणल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

बुधवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो, कशासाठी हवंय. दत्तप्रसादही तिथूनच सामान नेतात हे बद्रीनाथरावांना ऐन वेळी आठवलं. होडीचं नाव काढलं की बातमी संध्याकाळपर्यंत कात्रजला. म्हणून त्यांनी ठोकून दिलं, “झोपाळ्यासाठी.”

“मग टर्नबकल कशाला?” मालक म्हणाले. “झोपाळा ताणून ठेवायचाय?”

लेव्हल करायला, असं बद्रीनाथराव म्हणाले. मालकांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. तार त्यांनी दिलीच नाही. झोपाळ्याला तार म्हणजे हात कापायचा धंदा, असं म्हणून आठ मिलिमीटरची स्टीलची साखळी काढली. साखळी बघून बद्रीनाथराव खूश झाले. अशी जाड साखळी नाकाखाली लोंबली की दत्तप्रसादांची तार म्हणजे नुसता दोरा. त्यांनी एक साखळी, एक टर्नबकल आणि दोन शॅकल द्यायला सांगितलं.

“एका साखळीवरचा झोपाळा मी अजून पाहिलेला नाही,” मालक शांतपणे म्हणाले. “आपण पाहिलाय?”

बद्रीनाथरावांनी सगळं दुप्पट घेतलं. बिलासाठी नंबर मागितला तेव्हा मुक्ताईंचा सांगितला. दुकानात कुठेही ते बायकोचाच नंबर देत, म्हणजे पुढच्या जाहिराती तिकडे जातात. गुप्तता पाळणाऱ्या खात्यात नोकरी केल्यासारखे ते वागत होते, पण या सवयीने गुपित फुटेल हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते स्कूटरवरून घरी पोचायच्या आत बिल मुक्ताईंच्या मोबाईलवर पोचलं होतं. वर लिहिलं होतं, झोपाळ्याचे सामान.

बद्रीनाथरावांनी दार उघडलं तर घरात शिऱ्याचा वास. गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडलेली, कुंड्या एका बाजूला, फरशी पुसलेली. मुक्ताई गॅलरीत उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. लग्न झाल्यापासून त्या झोपाळा मागत होत्या. बद्रीनाथराव दर वेळी छत पेलणार नाही म्हणायचे.

“आणि मला पत्ता लागू दिला नाहीत,” त्या म्हणाल्या. “फळीसुद्धा आणून ठेवली होतीत. मला वाटायचं, होडीची आहे.”

ती होडीचीच होती. सागवानी, मधल्या बैठकीसाठी, चार महिने तेल पाजून ठेवलेली. बद्रीनाथरावांनी तोंड उघडलं, त्यात मुक्ताईंनी शिऱ्याचा चमचा घातला, आणि विषय संपला. आता खरं सांगायचं म्हणजे आपण दुकानात खोटं बोललो हे सांगायचं, ते का हे सांगायचं, आणि वर शिरा परत करायचा.

छताला भोकं कोण पाडणार हा प्रश्न मुक्ताईंनी लिफ्टमध्येच सोडवून टाकला. शनिवारी सकाळी दत्तप्रसाद स्वतःचं ड्रिल मशिन घेऊन हजर. माणूस वाईट असता तर बद्रीनाथरावांना सोपं गेलं असतं. पण दत्तप्रसाद भला माणूस. बीम शोधला, डोळ्यांत सिमेंट उडवून घेतलं, चारही शॅकल घट्ट केल्या आणि टर्नबकल फिरवून फळी खरोखरच लेव्हलमध्ये आणली. मग साखळीवरून हात फिरवत म्हणाले, “बद्रीनाथराव, माल फार उत्तम आहे. असा माझ्या बोस्प्रिटला मिळाला असता तर.” बद्रीनाथरावांनी दात दिसतील एवढंच हसून दाखवलं.

रविवार उजाडला. खाली बद्रीनाथरावांची होडी मोकळं नाक घेऊन उभी, आणि नऊ वाजता दत्तप्रसाद येणार. बद्रीनाथरावांना आंघोळ सुचेना. मुक्ताई झोपाळ्यावर बसून चहा पीत होत्या. नऊला पाच मिनिटं असताना त्यांनी मोबाईल उचलला. “दत्तप्रसाद, आज जरा डोकं दुखतंय हो. पुन्हा कधीतरी,” म्हणाल्या, मोबाईल बाजूला ठेवला आणि पायाने झोका घेतला. डोकं दुखण्याचं एक चिन्ह दिसत नव्हतं.

बद्रीनाथरावांना भरून आलं. आठवडाभराची जळजळ क्षणात निवली. ते झोपाळ्याजवळ गेले आणि दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“मुक्ता, माझी होडी झाली की बसशील ना?”

“नाही.”

“का?”

“मला पाण्यात गरगरतं.”

“आणि झोपाळ्यावर?”

“झोपाळ्याखाली फरशी असते.”

“मग दत्तप्रसादांना हो का म्हणालीस?”

मुक्ताईंनी बशी खाली ठेवली. “बाहेरच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणणार? तुम्ही काय, घरचेच.”

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दत्तप्रसाद एकटेच खडकवासल्याला निघाले होते, मागे ट्रेलरवर नाकवाली होडी. खरं तर बद्रीनाथरावांनी खूश व्हायला हवं होतं, आणि मिनिटभर ते झालेही. मग गॅलरीच्या कठड्यावर हात टेकून ते गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. त्या माणसाला खोटं का होईना, पण सहा दिवस ‘हो’ मिळालं होतं.