तांबड्या गाडीचे इंजिन कोंडले त्याची हकीकत

श्री विश्वकर्मा प्रसन्न. हातास काम आणि कामास बरकत देणारा जो एक कर्ता, त्यास नमन करून, आणि ज्यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला त्यांस पुसून, जे कळले ते येथे लिहिले आहे. पदरचा मीठमसाला घातला असेल तर तो चवीपुरताच जाणावा. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासून पौर्णिमेपर्यंतचे हे वर्तमान.

हमरस्त्यालगत, गुऱ्हाळाच्या पलीकडे, वर पत्र्याचे छप्पर आणि समोर तीन शटरे इतक्या विस्ताराचे एक राज्य होते. नाव लिहीत नाही. लिहिले तर उगाच चौघे रुसतील. शर्यतीच्या गाड्या सिद्ध करणे हा त्या राज्याचा उद्योग. हैबतराव सरकार तेथील धनी, आणि त्यांची कन्या सगुणाबाईसाहेब या खासा गाडी हाकीत आणि घाटाच्या शर्यतीत भल्याभल्यांस धूळ चारीत. इंजिनाचे खाते दस्तगीर मिस्त्री यांजकडे. त्यांस सारे राज्य उस्ताद म्हणे. साठीच्या अलीकडचे वय, दाढी पांढरी, आणि कान ऐसा तिखट की गाडी फाटकात शिरली म्हणजे कोणता बोल्ट सैल हे बसल्या जागी सांगावे. त्यांचे हाताखाली निंबाजी, चाळिशीचा गृहस्थ, बारा वर्षे चाकरीस, बोलण्यात कंजूष; पाना धरण्यापासून सगळे उस्तादांनीच त्यास शिकविले होते.

त्या राज्याची एक रीत होती. सायंकाळी काम संपले म्हणजे प्रत्येक गाडीखाली पांढरे मांजरपाट अंथरावे, आणि सकाळी ते सर्वांदेखत उचलून पाहावे. डाग नसला तर ठीक. तेलाचा डाग निघाला तर ज्याच्या हातची गाडी त्याने त्या दिवशी चहा सर्वांचे शेवटी घ्यावा. शिक्षा म्हणावी तर एवढीशी, परंतु चौदा असामींनी चहा पिऊन कप विसळेतो उभे राहणे म्हणजे काय, ते उभा राहणारासच ठाऊक. उस्तादांस आठ वर्षांत एकदाही उभे राहावे लागले नव्हते. ही गोष्ट चार जिल्ह्यांत सांगितली जाई, आणि खरे लिहायचे तर उस्ताद स्वतःच ती अधिक सांगत.

आता इंजिनाचे पोटातील व्यवहार थोडा सांगणे प्राप्त आहे. वर स्फोट होतो आणि पिस्टन खाली दडपला जातो. त्यास रिंगा कितीही घट्ट असोत, थोडा धूर फटीतून खाली पोटात शिरतोच शिरतो. त्यास बाहेर जाण्यास एक वाट ठेवलेली असते, तीस ब्रीदर म्हणतात. मूळच्या गाडीत ही वाट एका बारीक नळीने फिरून इंजिनात जाणाऱ्या हवेस मिळते, आणि धुराबरोबर तेलाचे तुषारही तेथे जाऊन सगळा मार्ग चिकट करून टाकतात. बाईसाहेबांच्या तांबड्या गाडीस तर टर्बो होता. हवा जोराने कोंबायची, म्हणजे स्फोट मोठा आणि पोटात धूरही तितकाच मोठा. उस्तादांस तो चिकटपणा सोसेना. म्हणून मागील चैत्रात त्यांनी ती नळी काढिली, हवेकडचे तोंड बंद केले, आणि ब्रीदर मोकळा सोडून दिला. दुसरे दिवशी सकाळी उस्ताद सर्वांआधी आले आणि पाहतात तो मांजरपाटावर बोराएवढा डाग! ब्रीदरातून एक थेंब गळाला होता. उस्तादांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मांजरपाट घडी करून पिशवीत घातले, दुसरे अंथरले, आणि ब्रीदराच्या तोंडात एक रबरी बूच ठोकून बसविले. मग हात पुसून बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. तांबडी पुढे सात-आठ महिने आजूबाजूसच सावकाश फिरली, काही बिघडले नाही, आणि उस्ताद बूच विसरूनही गेले.

मार्गशीर्षात घाटाच्या शर्यतीचे निमंत्रण आले. नऊ मैलांची चढण, एकतीस वळणे. सगुणाबाईसाहेबांनी आज्ञा केली की टर्बोचा दाब वाढवावा, आणि त्याप्रमाणे वाढविला, आणि पंचमीस गाडी चाचणीस नेली. तिसऱ्या वळणावर तेल मोजावयाची डिपस्टिक आपली जागा सोडून बॉनेटवर आपटली, तेल तापलेल्या टर्बोवर उडाले, आणि बाईसाहेब धुरात गाडी थांबवून खोकत खाली उतरल्या. उघडून पाहिले तो इंजिनाचे मागचे, तेल अडविणारे सील जागचे ढकलले गेलेले. सील निंबाजीने बसविले होते. त्याने नवे बसविले. सप्तमीस पुन्हा चाचणी, पुन्हा तेच. या खेपेस तेलाने जाळही धरला, तो बाईसाहेबांनीच विझविला.

मग सदर भरली. सरकार खुर्चीवर, बाईसाहेब टायरांच्या ढिगावर, बाकी मंडळी उभी. सरकारांचा स्वर शांत होता, आणि ते शांत बोलले म्हणजे मंडळी अधिक भीत.

"निंबाजी, दोनदा सील तू बसवलंस. दोनदा गेलं. पोरगी माझी बसते त्या गाडीत. काय म्हणणं हाय तुझं?"

निंबाजी म्हणाला, "सरकार, सीलाचा दोष न्हाई. इंजिनाच्या पोटात वारं कोंडतंय. त्याला वाट पायजे. जाड पाइप काढू, एक वरनं, एक खालनं, आणि डब्यात सोडू. डब्यात आडवे पत्रे घालायचे, म्हंजे तेल खाली ऱ्हातंय आणि धूर तेवढा वर जातोय."

इतके बोलून तो उस्तादांकडे पाहत राहिला. सरकारांनीही उस्तादांकडे पाहिले आणि मत पुसले. उस्तादांस हाताखालच्या माणसाने आपणास न विचारता भर सदरेत तजवीज मांडावी हे झोंबले, आणि ते हसून म्हणाले, "डबा कशाला, सरकार? ह्याला लोणचं घालायचंय काय? सील वाकडं बसवलंय ह्यानं, दुसरं काय न्हाई."

मंडळी हसली. आणि ती हसत असतानाच उस्तादांस बूच आठवले. परंतु शब्द तोंडातून गेला होता, हशा पिकला होता, आणि आता मागे घ्यायचा म्हणजे बुचापासून पिशवीतल्या मांजरपाटापर्यंत सगळे बाहेर काढायचे. उस्तादांनी नुसती दाढी कुरवाळिली. सरकारांनी निर्णय दिला की निंबाजीने इंजिनास हात लावू नये, त्रयोदशीस आपली हत्यारे घेऊन जावे. निंबाजीने मान लवविली आणि तो निघून गेला. बारा वर्षांची चाकरी इतक्यात आटोपली.

दुसरे दिवशी उस्तादांनी सर्वांस दूर ठेविले, तांबडीखाली एकटे शिरले आणि बूच उपसून खिशात घातले. मग सील नवे बसविले. परंतु वाढविलेल्या दाबास तेवढीशी वाट पुरणार नाही, हे त्यांस निंबाजीइतकेच समजत होते. म्हणून चार दिवस बसून त्यांनी निंबाजीचीच तजवीज तयार केली: वरून एक पाइप, पोटातून एक, दोन्ही अंगठ्याहून जाड, पुढे ॲल्युमिनियमचा डबा, आत आडवे पत्रे, माथ्यावर जाळी, तळास तोटी. द्वादशीस चाचणी झाली. डिपस्टिक जागची हलली नाही. तेलाचा थेंब कोठे नाही. बाईसाहेब उतरल्या त्या हसतच.

"चाचा, हात हाय का काय तुमचा! कुणाला जमलं नसतं हे."

सरकारांनी पाठ थोपटली. मंडळींनी उस्तादांचा जयजयकार केला. या उस्तादांस स्तुतीची हौस केवढी ते वर आलेच आहे; पण त्या दिवशी स्तुती त्यांस गोड लागेना. गाडी बरी जाहली, बाईसाहेबांस धोका उरला नाही, नाव राहिले, कोणास काही कळावयाचे नाही. एक निंबाजी तेवढा गेला. त्यास काय, कारागीर आहे, कोठेही पोट भरील, असे त्यांनी मनाशी दहा वेळा म्हटले आणि दहाही वेळा त्यांस ते पटले नाही. वाकडे सील बसविणारा म्हणून बाहेर पडलेल्या मिस्त्रीस कोणते गॅरेज दारात उभे करते, हे त्यांस पक्के माहीत होते. ऐशा दोघांस त्यांनी स्वतःच परत पाठविले होते.

त्रयोदशीस सकाळी निंबाजी आला. पेटी उघडून एकेक हत्यार फडक्याने पुसून ठेवू लागला. राज्याचे पाने वेगळे काढून फळीवर मांडले, आपले तेवढे पेटीत घातले. उस्ताद लांबून पाहत होते. निंबाजी पेटी उचलून वाकला, सरकारांस नमस्कार केला, बाईसाहेबांस केला, आणि मग उस्तादांचे पायास हात लावण्यास आला. तेव्हा उस्ताद दोन पावले मागे सरले.

"नको. थांब," ते म्हणाले, आणि खिशातून बूच काढून सरकारांचे पुढे धरले. "सरकार, सील सरळ बसलं हुतं. दोन्ही टायमाला. हे बूच मी ठोकलं हुतं ब्रीदरात, चैत्रात. डाग पडला म्हणून. सदरेत बोलताना आठवलं मला, आणि तरी बोललो न्हाई. आणि तो डबा बी ह्याच्याच डोक्यातला."

कोणी हसले नाही. बाईसाहेब बुचाकडे पाहत राहिल्या. त्यांचे हातावर भाजल्याची खूण अजून ओली होती. सरकारांनी बूच हातात घेतले.

"दस्तगीरभाई, डागाचं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तुम्ही माझ्या तोंडनं ह्या माणसाला घालवलंत."

"व्हय," उस्ताद म्हणाले.

निवाडा तेथेच झाला. इंजिनाचे खाते निंबाजीकडे, आणि उस्तादांनी आजपासून चाके आणि टायर पाहावे. निंबाजीने पेटी खाली ठेविली. उस्ताद टायरात हवा भरण्याचे यंत्राकडे गेले, आणि पौर्णिमेस घाटात तांबडी तिसरी आली तेव्हा तिच्या चारी टायरांत हवा अगदी नेमकी होती, हे लिहून ठेवणे न्याय्य आहे.

घाटमाथ्यावर मंडळी पेढे वाटीत असता निंबाजीने डब्याची तोटी सोडली. वाटीभर काळपट पाणी आणि तेल निघाले; एवढे सगळे कोंडले असते तर काय होते, हे दोघांसही सांगावे लागले नाही. उस्ताद चाकाशी बसले होते. चाक पाहणारा म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून बसले होते. खाली पाहूनच ते म्हणाले, "निंबा, तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तू माझ्या पाया पडायला आलास. ठाऊक असतं तर थुंकला असतास."

निंबाजीने तोटी बंद केली. "ठाऊक हुतं, उस्ताद. दुसऱ्यांदा सील गेलं तवा उघडून बघताना बूच हाताला लागलं माझ्या."

उस्तादांनी मान वर केली.

"सदरेनंतर दुसऱ्या दिवशी, तुमी गेल्यावर, परत येऊन गाडीखाली बघून गेलो. बूच निघालं हुतं. निघालं नसतं तर बाईसाहेबांना तिथंच सांगितलं असतं. निघालं म्हणून गप बसलो."

"अरे, मग सदरेत का न्हाई बोललास? नोकरी गेली तुझी!"

"तुमी सांगाल म्हणून थांबलो."

इतके घडले, इतके लिहिले. तांबडीस श्वास मिळाला आणि निंबाजीस खाते मिळाले. दस्तगीर मिस्त्री अद्याप टायरच पाहतात, आणि त्यांस त्या राज्यात उस्ताद म्हणणारा आता एकच उरला आहे, तो निंबाजी. त्याने हाक मारिली म्हणजे ते हातचे काम टाकून उठतात.