सिंधूबाईंचा झेंडू

कवठे येमाईच्या तात्याबांनी सकाळी सकाळी शेजारच्या सोपानरावांना बांधावर गाठून झाडलं. "सोपाना, गेल्या साली तुझ्या गावठी झेंडवानं माझं बी बाटवलं! यंदाचा तरी उपटून टाक!"

गेल्या दिवाळीत तात्याबांची बायको सिंधूबाई वारल्या. त्यांनी शिरूरहून पुडी आणून आपल्या हातानं संकरित झेंडू लावला होता. सगळी झाडं एका उंचीची, फुलं मुठीएवढी. तात्याबांनी त्याच फुलांचं बी धरून उंदरांपासून जिवापाड जपलं. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला तिच्याच झेंडूचा हार घालायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि उगवलं काय? कुठलं झाड छातीला लागतंय, कुठलं गुडघ्यालाही नाही. फुलं कुठं पिवळी, कुठं भगवी, काहींना तर पाकळ्यांचाच दुष्काळ.

सोपानराव गरीब स्वभावाचे. "वहिनींसाठी म्हणतोस तर उपटतो बाबा," असं म्हणून त्यांनी ऐन दसऱ्याच्या तोंडावर आलेला आपला झेंडू उपटून टाकला.

श्राद्धासाठी मुलगा सुदर्शन पुण्याच्या शेतकी कॉलेजातून आला. त्यानं कपाळावर हात मारला. "आबा, सोपानकाकांचा काय दोष? संकरित म्हणजे दोन जातींचं लेकरू. पहिल्या पिढीत सगळी भावंडं सारखी दिसतात. त्यांचं बी पेरलं की आत दडलेले आजी-आजोबा वर येतात."

"मंग तुझ्या आईचा झेंडू कुठं गेला?"

"नवी पुडी आणू. अगदी तसाच येईल."

"त्या पुडीला तिचा हात लागलाय व्हय?"

सुदर्शन झेंडूच्या वाफ्यात शिरला. तो म्हणाला, "यातलीच आईच्या झेंडूसारखी झाडं निवडायची, त्यांचंच बी धरायचं. दर पिढीला असंच करत गेलं की जात ठरते."

तात्याबा आधी सोपानरावांची माफी मागून आले. सोपानराव म्हणाले, "आता काय परत रोवू?" मग बापलेक आणि सासरहून आलेली लेक ज्ञानेश्वरी, तिघं दोरा घेऊन निवडीला निघाले. तात्याबांनी एका उंच झाडाला दोरा बांधला.

"आबा, आईचा एवढा उंच नव्हता," ज्ञानेश्वरी म्हणाली. "कमरेला लागायचा."

"तिच्या छातीला लागायचा!"

"आणि रंग लालसर होता," सुदर्शन म्हणाला.

"लालसर? पिवळा हुता, पिवळा!"

भांडण पेटलं. शेवटी बांधापलीकडच्या सोपानरावांना निवाड्याला बोलावलं. "तू तर रोज बघत हुतास."

सोपानराव एकेका झाडापाशी जाऊन आले. "खरं सांगू? माझं ध्यान वहिनींच्या चहाकडं असायचं."

सिंधूबाईंना जाऊन अजून वर्षही पुरतं झालं नव्हतं. तात्याबा बांधावर बसले.

"इसरलो की रं आपुन."

ज्ञानेश्वरीनं डोळ्यांना पदर लावला. सुदर्शन उगाच दोरा बोटाला गुंडाळत उभा राहिला. मग तात्याबा उठले, आणि गुडघ्याएवढ्या, विरळ पाकळ्यांच्या एका झाडापाशी वाकले.

"आण तो दोरा. समद्यांनाच बांधू. कुठल्यातरी एकात आसंल ती."